बांधापलीकडची आंबील

महादेवीनं पहिल्यांदा बोलावणं दिलं तेव्हा आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. "ताई, अमावस्येला या की आमच्याकडं," ती म्हणाली होती. आमच्या दापोलीकडे अमावस्येला कुणी पाहुण्याला बोलावत नाही. प्रवासाला निघत नाही, नवं काही सुरू करत नाही. माझी आई तर त्या दिवशी फाटक्या कपड्याला टाकासुद्धा घालायची नाही. आणि ही बाई सांगत होती, की त्यांच्या मुलखात वर्षातला सगळ्यात मोठा जेवणाचा दिवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. येळामावस्या म्हणतात तिला. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, अख्खं गाव रानात जाऊन जेवतं.

महादेवी मैंदर्गीच्या शाळेत शिकवते. पुण्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्ही दहा दिवस एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची ओळख. दर थंडीत तिचा फोन यायचा आणि दर थंडीत माझ्याकडे एक कारण असायचं. यंदा मी निवृत्त झाले आणि कारणं संपली.

सोलापूर

महादेवी मला न्यायला स्टेशनवर आली होती. हातात तीन रिकाम्या पिशव्या. "आधी बाजार, मग गाव," ती म्हणाली आणि मला सरळ भाजीबाजारात घेऊन गेली.

इतकी हिरवी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. हरभऱ्याचे डहाळे, तुरीच्या शेंगा, पावटा, वाटाणा, कांद्याची पात, गाजरं, बोरं, सगळं जमिनीवर ढिगानं ओतलेलं. एका पालावर तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे दखनी उर्दू, आणि घासाघीस मात्र सगळ्यांची मराठीत. महादेवीनं प्रत्येक शेंग सोलून दाणा दाताखाली धरून बघितला. मग कुंभारणीकडे गेलो. तिथं तिनं पंधरा-वीस मडकी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली आणि एक निवडलं. काळंभोर, रुंद पोटाचं.

"आंबिलीला मडकं नवंच लागतंय," ती म्हणाली. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून, आंबट ताकात कालवून, वरून लसूण-आलं आणि जिरं घालून केलेलं पेय. ते आदल्या दिवशी करायचं आणि रात्रभर आंबू द्यायचं.

मैंदर्गीला आम्हाला न्यायला मैनुद्दीनभाईंचा टेम्पो होता. शिवानंदरावांचे, म्हणजे महादेवीच्या यजमानांचे, हे शाळेपासूनचे मित्र. पांढरी दाढी, गळ्यात मफलर. मला पुढे बसवत म्हणाले, "हल्लू चढो, ताई. कल तो हमारी बी अमाश है. शहर में कौन रुकेगा?"

मी विचारलं, तुमच्याकडेही करतात का हा सण. ते म्हणाले, "खेत तो सबका खाता है ना. खेत को खिलाने का दिन है ये."

अक्कलकोट मागं पडलं आणि जमीन काळी झाली. डोंगर नाही, वळण नाही. माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला आधी ते सगळं उघडं-उघडं वाटलं. नजर कशाला अडतच नव्हती. मग हळूहळू त्या मोकळेपणाची चव लागायला लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, मध्ये करडईचे पट्टे, आणि त्यावर एवढं मोठं आभाळ, की आमच्या गावात त्याची चार आभाळं झाली असती.

मैंदर्गी

संध्याकाळी मी महादेवीच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसले. शिवानंदराव कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. मोजकं बोलणारा माणूस. मला म्हणाले, "तुमी आलासा, बरं झालं. हिची सा वर्सांची तक्रार मिटली."

दुसऱ्या दिवशीच्या भज्जीची तयारी चालली होती. भज्जी म्हटल्यावर मला तळणीतली भजी आठवली, तर महादेवी हसली. ही भज्जी म्हणजे रानात त्या मोसमात जे जे हिरवं पिकतं ते सगळं, दाणे, पाला, शेंगा, एकत्र शिजवून बेसन आणि ताकात घोटलेली पातळसर भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. शेंगदाण्याच्या पोळ्या. गव्हाची खीर.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं.

"भुईला डोहाळे लागल्यात, ताई," ती म्हणाली. "ज्वारी आता पोटरीत हाय. कणीस आत हाय, भायेर पडलेलं न्हाई. पोटुशी बाईला जे जे खावंसं वाटतंय ते करून घालायचं. एवढंच हाय ह्या सणात."

पोटरीतली ज्वारी हा शब्द मी लहानपणापासून पुस्तकात वाचत आलेय, मुलांना शिकवतही आलेय. त्या शब्दात पोट आहे हे मला साठीला आल्यावर कळलं.

आमच्याकडे नवान्नाच्या दिवशी भाताची नवी लोंबी घरात आणतात, आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधतात, देवापुढे ठेवतात. पीक घरी येतं, आपण त्याचं स्वागत करतो. इथं उलटं. इथं माणसंच ताट घेऊन पिकाकडं जातात, ते बाहेर पडायच्या आधीच.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की भिंतीपलीकडूनही भाकरी थापल्याचा आवाज येतोय, आणि तोच आंबट वास. घराच्या मधोमध विटांची नवी भिंत होती, गिलावा न केलेली.

"पलीकडं कोण राहतं?"

महादेवीनं आवाज खाली आणला. पलीकडं शिवानंदरावांचे थोरले भाऊ निंगप्पा आणि त्यांची बायको गंगाक्का. मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळे दोघंच. रान शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक बांध. त्या बांधावर सासऱ्यांनी लावलेला कडुलिंब होता. दरवर्षी त्याच्याच सावलीत दोघा भावांची मिळून येळामावस्या व्हायची. लिंबाच्या सावलीनं शिवानंदरावांच्या सहा-सात सऱ्या पिकत नव्हत्या, म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यांनी तो तोडला. थोरल्याला न विचारता.

"ह्येंचं चुकलंच की," ती म्हणाली. "पर ह्येंनी कदी कबूल केलं न्हाई, आन त्येंनी कदी इचारलं न्हाई. तवापासनं दोगं येकमेकांशी बोलत न्हाईत. येळामावस्या येगळी. आमी जावा-जावा न्हानीकडं भेटलो तर हळूच बोलतो."

रान

सकाळी सगळं टेम्पोत चढलं. टोपल्या, पातेली, घोंगडी, ऊस, आणि मांडीत धरलेलं आंबिलीचं मडकं. रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळ्यांची तोंडं रानाकडं. नव्या साड्या, धुतलेली धोतरं. गावात फक्त कुत्री उरली असतील.

ओढ्याशी रस्ता संपला. पुढं दहा मिनिटं चालायचं होतं. तिथं मी हट्ट केला. म्हटलं, मडकं मी घेते.

"तुमाला सवं न्हाई," महादेवी म्हणाली.

"विहिरीवरून दोन-दोन हंडे डोक्यावर आणलेत मी," मी म्हटलं. खरं होतं ते, पण चाळीस वर्षांपूर्वीचं. आणि जांभ्याच्या पाखाडीवरचं, पायऱ्यांच्या वाटेवरचं.

तिनं चुंबळ करून दिली, मडकं डोक्यावर ठेवलं. मी मोठ्या ऐटीत निघाले. दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याएवढी ज्वारी, पानांवर दव. काळ्या रानाला थंडीत भेगा पडतात हे मी भूगोलात शिकवलेलं आहे. त्या हातभर खोल असतात आणि गवताखाली दिसत नाहीत, हे भूगोलात नव्हतं. उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि मी आडवी झाले.

मडक्याचा आवाज फारसा झाला नाही. मऊ जमिनीवर पडल्यासारखा, बद्द. मी उठून बसले तोवर खापरांच्या मधून पांढरी आंबील ओहोळासारखी भेगेत उतरत होती. बघता बघता जमिनीनं ती पिऊन टाकली.

"लागलं का?" महादेवीनं आधी हेच विचारलं. गुडघा खरचटला होता. मी नाही म्हटलं. या लोकांचा वर्षाचा सण, आणि पाहुणी येऊन तो जमिनीवर सांडते.

शिवानंदराव खापऱ्या गोळा करायला वाकले. मान वर न करता म्हणाले, "भुईनं आदीच पिली. तहान लागली आसंल."

मी चुंबळ उचलून झटकली आणि सगळ्यांच्या मागून निघाले.

जागेवर पोचलो. शिवानंदरावांनी पाच पेंढ्या उभ्या करून झोपडीसारखी कोप केली, तिच्यावर नवी साडी पांघरली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले. हे पाच पांडव. सासऱ्यांच्या वेळेपासून तेच. नैवेद्य मांडला, ऊस लावले, आणि मग सगळे नुसते उभे राहिले. आंबिलीशिवाय पूजा होत नाही. घरी थेंब उरलेला नव्हता, आणि नवी केली तरी ती रात्रभर आंबल्याशिवाय आंबील होत नाही.

"शेजारी कुणाकडून आणता येणार नाही का?" मी विचारलं.

महादेवी म्हणाली, "आमच्यात पूजेआदी दुसऱ्या घरची आंबील रानात आणत न्हाईत. येकाच घरची आसली तर चालतंय."

एकाच घरची. महादेवीची नजर बांधाकडं गेली. बांधाच्या पलीकडे, शंभर पावलांवर, दुसऱ्या कोपीवरची लाल साडी ज्वारीच्या धाटांमधून दिसत होती.

मैनुद्दीनभाईंनी सरळ सांगून टाकलं. "निंगप्पा के पास जाके मंगो. इत्ती सी बात है."

शिवानंदराव तोंड फिरवून ओढ्याकडं बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत.

"मी जाते," मी म्हटलं. "माझ्या हातून फुटलंय."

महादेवीनं माझ्या हातात एक रिकामी कळशी दिली.

बांधावर लिंबाचा बुंधा होता, गुडघ्याएवढा, वरून काळा पडलेला. त्याला वळसा घालून मी पलीकडे उतरले. निंगप्पा कोपीपुढं उकिडवे बसून दगडांना तांबडी काव लावत होते. डोक्याला पांढरा पटका. गंगाक्का टोपलीवरचं फडकं काढत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "बर्री, बर्री, या," जसं काही मी येणार हे त्यांना ठाऊक होतं.

मी सगळं सांगून टाकलं. कोण, कुठली, मडकं कसं घेतलं, कसं पडले. निंगप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला कुनी पाटवलं?"

"कुणी नाही. मीच आले."

"त्यो काय म्हनला?"

"काही म्हणाले नाहीत."

त्यांनी कावेचं बोट गवताला पुसलं. माझ्या गुडघ्याकडं बघितलं. साडीला रक्त लागलं होतं, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. गंगाक्कांनी तोवर पळीनं माझ्या कळशीत आंबील ओतायला सुरुवात केली होती.

"थांब," निंगप्पा म्हणाले.

गंगाक्कांची पळी तशीच हवेत राहिली.

"अर्दी आंबील देऊ नये," ते सावकाश म्हणाले. "हिकडं बी अर्दी, तिकडं बी अर्दी. रान उपाशी राहतंय." मग गंगाक्कांकडं वळले. "मडकं उचल."

गंगाक्कांनी पळी खाली टाकली. मडकं डोक्यावर घेतलं आणि चालू लागल्या, इतक्या झपाझप, की मला त्यांना गाठायला धावावं लागलं. मला वाटतं, नवऱ्याचा विचार बदलायच्या आत त्यांना बांध ओलांडायचा होता.

महादेवीनं जावेला येताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. शिवानंदराव पुढं आले, वहिनीच्या डोक्यावरचं मडकं दोन्ही हातांनी उतरवून घेतलं, कोपीत ठेवलं आणि तिच्या पाया पडले. "वैनी," एवढंच म्हणाले.

निंगप्पा मागून आले. बांधावर थोडं थांबले. बुंध्याकडं त्यांनी पाहिलं की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. मग खाली उतरून कोपीपुढं बसले आणि त्या पाच दगडांवरून, एकेकावरून, हात फिरवला.

पूजा झाली. दोघे भाऊ शेजारी बसले होते, पण बोलणं नव्हतं. नारळ एकानं पुढं केला, दुसऱ्यानं फोडला. मला वाटलं, इतकंच होणार, आणि इतकंही पुष्कळ आहे.

पूजेनंतर चरगा शिंपतात. आंबिलीत भज्जी आणि भाकरीचे तुकडे कालवून एकजण ते पिकावर शिंपत रानाला फेरी घालतो आणि "हुलिग्यो" अशी आरोळी देतो. दुसरा मागून तांब्यातलं पाणी शिंपत त्याला साद देतो. एकट्यानं हे होत नाही. पाच वर्षं शिवानंदरावांच्या मागं मैनुद्दीनभाई साद देत आले होते. आणि पलीकडं, महादेवीनं मला नंतर सांगितलं, गंगाक्का.

निंगप्पांनी चरग्याची पाटी उचलली. कुणाला विचारलं नाही. ज्वारीच्या कडेला गेले, मूठभर शिंपलं आणि आरोळी दिली, "हुलिग्यो..." म्हातारा, थोडा चिरका आवाज होता तो.

मैनुद्दीनभाईंनी सवयीनं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. गंगाक्काही गप्प. ज्वारीची पानं तेवढी सळसळत होती. आणि मग शिवानंदरावांनी तांब्या घेतला आणि साद दिली. पहिली साद अर्धीच उमटली. दुसरी मोकळी आली.

दोघे निघाले. आधी पटका आणि टोपी दिसत होती, पुढं ज्वारी उंच होती तिथं तेही दिसेना, नुसते आवाज. एक हाक, एक साद. आम्ही तिघी आणि मैनुद्दीनभाई ऐकत उभे होतो. आवाज ओढ्याकडं गेले, तिथून बांधाकडं वळले. बांधाशी आल्यावर फेरी पुरी व्हायला हवी होती. महादेवी माझा दंड धरून कान देऊन ऐकत होती.

आवाज बांधाशी थांबले नाहीत. पलीकडं गेले. निंगप्पांच्या रानाची कड धरून लांब, लांब जात राहिले, आणि मागून साद येतच होती. पाऊण तास लागला. दोन्ही रानांना मिळून एक फेरी घालून दोघे परतले तेव्हा पाटी रिकामी होती आणि शिवानंदरावांचा आवाज बसला होता.

मग जेवण. त्या जेवणाबद्दल मी इथं कुणालाही तासभर सांगू शकते. आंबटसर भज्जी, तिच्यात बुडवलेला उंडा, भाकरीवर लोण्याचा गोळा, कोवळी गाजरं, शेंगदाण्याची पोळी तुपात. आणि गंगाक्कांची आंबील, वाटीमागून वाटी. "ऊटा माडरी," त्या म्हणत आणि मी नको म्हणायच्या आत वाढत. कन्नड मला येत नाही, पण या दोन शब्दांना उत्तर एकच असतं हे मला लगेच कळलं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही हाका मारून बसवत होते. त्या दिवशी कुणाच्याही रानात जाऊन जेवता येतं. आमच्याकडं पाहुणचार मनापासून असतो, पण आधी कळवून आलेलं बरं असतं. इथं वाटेवर पाऊल टाकलं की माणूस पाहुणा.

माझ्या गुडघ्याला गंगाक्कांनी हळद लावली. निंगप्पा लांबून म्हणाले, "कोकणात भेगा पडत न्हाईत का?"

"नाही. आमच्याकडं माती घसरते," मी म्हटलं.

"मग तितं सांबाळून चालत आसाल," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं.

भावाशी मात्र ते दिवसभर थेट काही बोलले नाहीत. निघताना दोन्ही घरच्या टोपल्या मैनुद्दीनभाईंच्या टेम्पोत चढल्या. निंगप्पा पुढं बसले, शिवानंदराव मागं, आमच्यात.

दापोली

परत आल्यावर ओळखीच्यांनी विचारलं, सोलापुरात काय पाहिलंत. मी ज्वारी पाहिली म्हटलं, तर सगळ्यांना वाटलं मी देवदर्शन चुकवून आले. गुडघ्याचा वण अजून आहे.

मागच्या आठवड्यात महादेवीचा फोन आला. ज्वारी हुरड्याला आली आहे, कणसं भरली आहेत, हुरडा पाठवू का म्हणून विचारत होती. मला विचारायचं होतं ते मी बराच वेळ विचारलं नाही. शेवटी विचारलं, की दोघं भाऊ बोलतात का.

मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"काल भांडले की," ती म्हणाली. "पान्याच्या पाळीवरनं. चांगले तासभर, बांधावर हुबारून. सगळ्या शिवाराला ऐकू गेलं."

तिचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता.